हौशीच्या तोंडात घातलेला हात

जनावरांच्या डॉक्टरांनी हौशीकडं एकदा बघितलं आणि हात आडवा करून गोठ्याच्या दारातल्या सगळ्यांना मागं सारलं.

“कुणी आत यायचं नाही. दावं धड आहे ना?”

“साखळी हाय,” यशराज म्हणाला.

हौशी भिंतीला कपाळ रेटून उभी होती. आठवड्यापूर्वी व्यालेली, घरातली सगळ्यात गरीब म्हैस. तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मध्येच ती मान वर करून ओरडायची, आणि तो आवाज म्हशीचा वाटायचाच नाही. घसा बसलेल्या माणसानं लांबून हाक मारावी तसा वाटायचा. पलीकडं बांधलेलं रेडकू आधी त्या हाकेला ओ द्यायचं. आज तेही गप्प होतं.

“कुत्रं चावलं होतं का हिला?”

यशराजचे वडील लालासाहेब काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. पलटणीत हवालदार होते तेव्हाची ताठ मान अजून तशीच होती. “ऊसतोडीच्या टायमाला एक पिसाळल्यालं कुत्रं हिंडत हुतं मळ्यातनं. आमच्या गोठ्यात शिरल्यालं कुणी बगितलं न्हाई.”

“चावलं असणार. ही पिसाळलेली आहे. चार-दोन दिवसांत जाईल.” डॉक्टर सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. “आता मी विचारतो त्याचं खरं सांगा. हिच्या तोंडात कुणी हात घातलाय का?”

यशराजनं खाली बघितलं. त्याची आई रंगूबाई स्वयंपाकघराच्या दारात होती, तिनं पदर तोंडाला लावला.

“मी घातला,” मागून धाकटी सून उत्कर्षा म्हणाली.

ती पेंडीचं घमेलं कमरेवर घेऊन उभी होती. तिनं उजवा हात पुढं केला, आणि डॉक्टरांनी तो न धरताच वाकून बघितला. दोन बोटांवर खरचटलं होतं. परवा हौशीनं खाणं सोडलं, घशात काहीतरी अडकल्यासारखी ती ढास काढायला लागली, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की उसाचं कांडं अडकलं असेल. उत्कर्षानं मनगटाच्या वर हात घातला होता. आत काहीच नव्हतं, नुसती गरम लाळ. हौशीच्या दाढांनी बोटं सोलवटली होती, आणि तिनं ती पदराला पुसून धार काढायला घेतली होती.

“कच्चं दूध कोण पितं घरात?”

“मी,” लालासाहेब म्हणाले. “रोज सकाळी. धारोष्ण.”

“सगळे आजच सांगलीला जा. आत्ताच्या आत्ता. आणि बाई, तुम्ही आधी साबणानं हात धुवा. वाहत्या पाण्याखाली, मी बास म्हणेपर्यंत.”

उत्कर्षा नळाखाली बसली. पाणी बोटांवरून खाली चाललं होतं आणि डॉक्टर बास म्हणत नव्हते. ह्या हातांनी धार काढताना ती तोंडातल्या तोंडात बोलायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासरे चिडवायचे, “म्हशीच्या कानात जप करतीस व्हय गं?” ती हसून धार काढत राहायची. जप नव्हता तो. तिचा बाप नाथाजी मेढ्याकडचा. साताऱ्यातल्या एका जुन्या दवाखान्याच्या धुलाईघरात त्यानं जन्मभर चादरी धुतल्या. प्रत्येक चादर पिळताना म्हणायचा, “हिच्यावर आज कोण निजणार मला ठाव न्हाई, प्रभू. तुला ठाव हाय. त्याला नीज लागू दे.” देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, तो मागच्या बाकावर बसून पेंगायचा. पण धुलाईघरात त्याच्या तोंडावर असं काही असायचं की लहानगी उत्कर्षा दारात उभी राहून नुसती बघायची. लग्न करून कडेगावच्या ह्या मळ्यात आल्यावर तिनं ते गोठ्यात सुरू केलं. ही धार आबांची. ही थोरल्या जावेची, ताईंची, त्यांच्या पोटातल्या बाळाची. ही सासूच्या, आत्याबाईंच्या चहाची.

नावं घेऊन काढलेली धार. तीच धार घरात सगळ्यांच्या पोटात गेली होती. तिनं प्रार्थना करायला डोळे मिटले, तर आत एक शब्द नव्हता.

“बास,” डॉक्टर म्हणाले.

·

सांगलीच्या दवाखान्यात तपासणाऱ्या बाई तरुण होत्या आणि न दमता समजावून सांगत होत्या. उत्कर्षाच्या बोटांत जखमेभोवती औषध टोचलं. ती ओरडली नाही, फक्त बाकाची कड धरून बसली. लालासाहेबांना दंडात सुई दिली. मग यशराजच्या बायकोची, संयोगितेची पाळी आली.

“तुम्ही काय खाल्लंत?”

“खरवस,” संयोगिता म्हणाली. “हिनं केल्याला. दोनदा घेतला मी.”

तिनं उत्कर्षाचं नाव घेतलं नाही. सकाळपासून घेतलं नव्हतं.

“वाफवलेला ना? मग काही होत नाही. तुम्हाला सुईची गरजच नाही. निर्धास्त राहा.”

“मला बी द्या.”

“अहो, नाही लागत.”

“पोटात पोर हाय माझ्या. इतक्या वर्सांनी हाय. मला द्या सुई.”

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ही सुई गरोदरपणात चालते, घाबरण्यासारखं त्यात काही नाही, पण ज्याला धोकाच नाही त्याला कशाला टोचायची, असं त्यांनी नीट सांगितलं. यशराजनंही मान डोलावली. संयोगितेच्या कानात एवढंच शिरलं की दोघांना औषध मिळालं आणि आपल्याला तसंच परत पाठवलं.

गाडीत ती पुढं बसली. मागं सासरे, मधे सुयांच्या औषधांची पिशवी, आणि दारालगत उत्कर्षा. ती पिशवी मधे कुणी ठेवली, हे संयोगितेला माहीत होतं. तिनंच ठेवली होती.

लग्न करून तिचा फौजेतला दीर वीरधवल हिला घरी घेऊन आला तेव्हा घरातल्या सगळ्यांत आधी संयोगितेनंच तिला आत घेतलं होतं. “सातारची हाय ना, मग आमच्या कोरेगावच्या जवळचीच,” म्हणाली होती. वीरधवल सीमेवर परत गेला, आणि ह्या दोघी जावा एका ताटात जेवायला लागल्या. धर्म वेगळा, ह्याचं संयोगितेला कधी काही वाटलं नाही. रविवारी उत्कर्षा कराडला प्रार्थनेला जायची, तेव्हा तिच्या वाटणीच्या भाकरी हीच थापायची.

आता तिला मागं वळून बघवत नव्हतं. वळलं आणि उत्कर्षाच्या तोंडातून लाळ गळताना दिसली तर? असं काही नसतं, इतक्या लवकर नसतं, हे तिनं आत्ताच ऐकलं होतं. तरीही तिनं पोटावर दोन्ही हात ठेवले आणि रस्त्याकडंच बघत राहिली.

·

हौशी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मळ्याच्या टोकाला जेसीबीनं खोल खड्डा घेतला, चुना टाकला, माती लोटली. मशिनवाला खाली उतरला नाही. पाणी दिलं तर म्हणाला, “नको, घरला जाऊन पितो.”

वाड्यावस्त्यांवर बातमी जायला वेळ लागत नाही. दूध घालायला जायचं त्या डेअरीनं तूर्त ह्या घरचं दूध नको म्हणून सांगितलं. भांगलणीला, तण काढायला येणाऱ्या बायका आल्या नाहीत. ज्यांच्या घरी खरवस गेला होता त्या घरांतली माणसं अंगणाबाहेर उभी राहून विचारून गेली. लालासाहेबांनी प्रत्येकाला डॉक्टरनं सांगितलेलं सांगितलं. ऐकून ती गेली, पण जाताना पाय उचलून गेली, जमिनीला काही लागलंय असं.

रंगूबाईनं उत्कर्षाचं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत नेऊन टाकलं. खताच्या पोत्यांची खोली ती. “चार दिस ऱ्हा हितं,” ती म्हणाली. उत्कर्षा काही बोलली नाही, आणि ते गप्प राहणंच रंगूबाईला लागलं. पोरगी भांडली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोरेगावहून संयोगितेची आई आली, हरणाबाई. गाडी अंगणात न घेता तिनं रस्त्यावरच उभी करायला लावली. सोप्यावर सतरंजी टाकली होती. लालासाहेब खुर्चीत, यशराज खांबाला टेकून, रंगूबाई उंबऱ्याशी. उत्कर्षा अंगणाच्या पलीकडं गोठ्याच्या भिंतीला बसली होती. बोलावलं नव्हतं, पण तिथं सगळं ऐकू जात होतं.

“मी पोरीला न्यायला आलीया,” हरणाबाई म्हणाली. “बाळंतपण होईस्तवर धाडणार न्हाई.”

“न्हाई कोण म्हनतंय,” रंगूबाई म्हणाली. “पर डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, तिला कायबी...”

“डॉक्टरला काय हुतंय बोलायला! इहीणबाई, मी सरळ बोलते, राग मानू नका. पयलं दूध देवाला जातंय. तुमच्या घरात आता कोण दावतंय देवाला? धार काडणारी येसूचं नाव घेती. जोतिबाचा निवद चुकला म्हनून हे पुढ्यात आलं.”

“चुकला न्हाई.” रंगूबाईचा आवाज चढला, तसा तिला स्वतःलाच ऐकून नवल वाटलं. “पयलं दूध मी सोता दावलंय. आन त्ये तांब्यातनं माज्या हातात हिनंच आणून दिलं, डोईवर पदर घिऊन. माज्या देवाचं कवा चुकू दिलं न्हाई पोरीनं.”

“मग तोंडात हात घालायचं शानपन कुणी सांगितलं हुतं तिला? तेच हात घिऊन पुन्यांदा चुलीपशी आली आसंल. माज्या पोरीला वाडलं आसंल त्याच हातानं.”

यशराज खांबापासून हलला. पुन्हा टेकला.

रंगूबाईनं लेकाकडं बघितलं. हौशीनं खाणं सोडलं त्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिनं बघितलं होतं. यशराजनं हौशीची शिंगं धरली होती आणि म्हणाला होता, “माजा पंजा जात न्हाई, तुजा हात बारीक हाय, तू घाल.” उत्कर्षा क्षणभर थांबली होती. मग तिनं बांगड्या वर सारल्या होत्या.

लेक बोलेल म्हणून रंगूबाई थांबली. तो बोलला नाही. घरात येणाऱ्या पोराचा बाप तो, बायको माहेरी जायला निघालेली, सासू समोर बसलेली. त्याची भीतीही तिला दिसत होती. आई होती ती त्याची. तरीही तिनं तोंड उघडलं.

“माज्या ल्योकानं सांगितलं तिला,” ती म्हणाली. “मी बगितलंय. त्यानं शिंगं धरली, हिनं हात घातला. सांगितल्यालं काम केलं तिनं. आन ती चुलीपशी आली तवा मीच म्हनलं, बस, भाकरी थाप. कुणाला काय ठाव हुतं?”

यशराजचं तोंड पडलं. “व्हय,” तो हळूच म्हणाला. “मीच सांगितलं.”

आतल्या खोलीच्या दाराआड संयोगिता उभी होती. तिनं ते ऐकलं.

“कुणी का सांगितलं आसंना,” हरणाबाई उठत म्हणाली. “जेवनं झाली की निगतो आमी.”

·

लालासाहेब घरामागच्या नळावर गेले. आजूबाजूला कुणी नाही हे बघून त्यांनी ओंजळ धरली आणि पाणी तोंडात घेतलं. घेतलं, थांबले, आणि गिळलं. उतरलं. पुन्हा ओंजळ धरली.

दवाखान्यातून आल्यापासून हे चालू होतं. लहानपणी गावात एका माणसाला त्यांनी पिसाळून मरताना बघितलं होतं. पाण्याचा तांब्या पुढं केला की त्याचा गळा आवळायचा, डोळे बाहेर यायचे. पुढं पलटणीत त्यांनी गोळीनं गेलेली माणसं बघितली, थंडीनं गेलेली बघितली, त्यातलं कुणी त्यांच्या स्वप्नात आलं नाही. तो तांब्या यायचा. सुई घेतली आहे, धोका कच्च्या दुधाचा आणि तोही नावापुरता, हे त्यांना पाठ झालं होतं. घसा मात्र ऐकत नव्हता. प्रत्येक घोटाला तो विचारायचा, आत्ता? आत्ता?

मागं पावलं वाजली. उत्कर्षा प्लास्टिकचा मग घेऊन उभी होती. सासऱ्यांना नळाशी बघून ती मागं फिरायला लागली.

“थांब.” त्यांनी तोंड पुसलं. “तू बी?”

तिनं मान खाली घातली. “दर घटकेला येते, आबा. तहान नसती.”

इतकी वर्षं ह्या घरात ते सून म्हणून तिच्याशी कामापुरतं, नाहीतर चिडवण्यापुरतंच बोलत आले होते. आता एका नळावर दोघंही एकाच चोरीत सापडल्यासारखे होते.

“उतरतंय ना?” त्यांनी विचारलं.

“उतरतंय.”

“माजं बी.”

ती हसली की रडली ते त्यांना कळलं नाही. गोठ्यातून रेडकाचा आवाज आला. आई गेल्यापासून ते बाटलीनं दूध पीत होतं. डॉक्टरांनी त्यालाही टोचलं होतं, आणि हातमोजे घालून लांबून पाजायला सांगितलं होतं. यशराज बाटली दांडक्याला बांधून पाजायचा आणि दांडकं तिथंच टाकून पळायचा. गोठा तसाच पडला होता. भिंतीवर लाळेचे ओघळ वाळले होते. सोड्याच्या गरम पाण्यानं घासून काढा, मग ब्लीचिंग पावडर टाका, असं डॉक्टर बजावून गेले होते. सामान येऊन पडलं होतं, पण घासणारं माणूस मिळत नव्हतं.

“मी करणार हुते ते,” उत्कर्षा म्हणाली. तिची नजर गोठ्याकडं होती. “रोज सकाळी उठते, दारापर्यंत जाते. पाय आत जात न्हाई. आबा, मला गोठ्यात जायला कवा भ्या वाटलं नव्हतं. मला तिथं...” ती अडली. “मला तिथं देवळागत वाटायचं. चर्चमध्ये वाटत न्हाई तितकं. शेण काडताना वाटायचं, आपण कुणाचं तरी घर झाडतोय. आता तिथं बगितलं की नुसती लाळ दिसती.”

देवाच्या गोष्टी लालासाहेब बायकांवर सोपवून मोकळे झाले होते. पण भिंतीशी उभं राहून थरथरणारं माणूस त्यांनी पलटणीत पुष्कळदा बघितलं होतं. अशा वेळी काय करायचं तेवढं त्यांना येत होतं.

“मोजं कुठं हायती?” ते म्हणाले. “दोन जोड काड. गमबूट घाल. माजं बी आण.”

“तुमी? आवं आबा, तुमी कशाला...”

“आण म्हनतो न्हवं.”

ह्या घरात लालासाहेबांनी हातात खराटा धरलेला कुणी बघितला नव्हता. तो कसा धरायचा हेही त्यांना धड माहीत नव्हतं. गोठ्याच्या दारात त्यांचेही पाय थांबले. आत येऊन पडलेल्या ब्लीचिंग पावडरीचा आणि त्याखाली अजून हौशीचा वास होता.

“तू काम करताना काय म्हनत असतीस, ते म्हन,” ते म्हणाले. आवाज दाबून म्हणाले, बाहेर जाऊ नये असा. “जरा मोठ्यानं म्हन. मला बी धीर येऊ दे.”

उत्कर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. “येत न्हाई, आबा. तीन दिस झालं, काय बी येत न्हाई. तोंड उघडलं की घशाचंच भ्या पुढं येतं.”

त्यांनी विचार केला.

“मग ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “भिंत घासू.”

तिनं बादली उचलली. गरम पाणी भिंतीवर मारलं, वाफ आली. तिनं खराटा टेकवला आणि वरून खाली ओढला. एक ओघळ गेला. पुन्हा वरून खाली. सासरे दुसऱ्या टोकाला घासत होते, वाकडंतिकडं, सगळं पाणी स्वतःच्या बुटांवर घेत. गव्हाण घासली, खुंटा घासला, साखळी उकळत्या पाण्यात टाकली. हात भरून आले. तिची बोटं सुजलेली होती, हातमोज्यात ठणकत होती. पण भिंतीचा दगड पुन्हा दगडासारखा दिसायला लागला. शब्द आले नव्हते. मग तिला वाटलं, बाप चादरी पिळताना रोज थोडंच काही म्हणत होता? किती तरी दिवस तो नुसताच पिळायचा, घामानं भिजलेला, गप्प. तिनं कधी त्याला विचारलं नव्हतं की त्या दिवशी तुझी प्रार्थना कुठं असते. ती त्या पिळण्यातच असणार. भीती गेली की मग पवित्र काम सुरू होतं, असं ती समजत आली होती. इथं भीती बाजूलाच होती, गमबूट घालून, आणि काम होत होतं.

“कोपरा ऱ्हायला तुमचा, आबा,” ती म्हणाली.

“दिसतंय मला,” लालासाहेब म्हणाले आणि तिकडं वळले.

·

आत जेवायला पानं मांडली होती. हरणाबाईनं लेकीला आपल्याजवळ बसवलं, भात वाढला, तूप घातलं. संयोगितेला कितीतरी दिवसांनी आई जवळ बसलेली बरी वाटत होती. तिला ठसका लागला, तसा तिनं आईच्या पुढ्यातला तांब्या उचलायला हात केला.

हरणाबाईनं तांब्या आपल्याकडं ओढला.

तसं काही विशेष झालं नाही. तिनं लगेच दुसरा पेला भरून लेकीपुढं सरकवला. “ह्यातनं पी,” ती म्हणाली, आणि तांब्या आपल्या मांडीमागं ठेवला. मग तिच्या लक्षात आलं की लेक बघते आहे. “आगं, तसं न्हाई. उगंच आपलं... तू खाल्ला हुतास ना खरवस, म्हनून वाईच...”

संयोगितेनं पेल्यातलं पाणी प्यायलं. ठसका थांबला. आईच्या तोंडावर भीती होती, आणि ती भीती लेकीसाठी नव्हती, लेकीची होती. गाडीत मधे ठेवलेली ती पिशवी तिला आठवली. ती पिशवी ठेवताना आपलं तोंड कसं दिसलं असेल, ते समोरच दिसत होतं.

तिनं हात धुतला. “बॅग गाडीत टाका तवर,” म्हणाली. “आले मी.”

अंगण ओलांडून ती गोठ्यामागं गेली. उत्कर्षा आंघोळ करून खताच्या खोलीच्या पायरीवर उन्हात बसली होती. केस ओले, मोकळे, तीन दिवसांचा गुंता झालेले. सुजलेल्या बोटांत फणी धरता येत नव्हती. ती कशीबशी मुठीत धरून ओढत होती. पुन्हापुन्हा अडकत होती.

जाऊबाई येताना दिसल्यावर ती उठली आणि दोन पावलं मागं सरली, अंतर ठेवायला.

“बस,” संयोगिता म्हणाली.

“ताई, लांब ऱ्हावा. तुमी पोटुशी...”

“डॉक्टरीणबाईनं मला काय सांगितलं ते तू बी ऐकलंस न्हवं? बस म्हनते ना.”

ती तिच्या मागं वरच्या पायरीवर बसली. बसताना पोट सांभाळत, हळू. तिनं उत्कर्षाच्या मुठीतून फणी काढून घेतली. मग केसांना बोटं लागली. तीन दिवसांत तिला कुणी शिवलं नव्हतं. दवाखान्यात शिवलं, तेही सुईनं. उत्कर्षानं गुडघे छातीशी घेतले आणि कपाळ त्यावर टेकलं. आजवर काम तिच्या हातून दुसऱ्याकडं जात होतं. असं कुणाच्या कामाखाली नुसतं बसून राहायचं तिला कधी जमलं नव्हतं. आज जमवावं लागत होतं.

“मला लय भ्या वाटतंय गं,” संयोगिता मागून म्हणाली. “तुला मी...”

“मला बी वाटतंय, ताई.”

“जाईल का?”

“ठाव न्हाई. आज थोडं कमी हाय. उंद्या पुन्यांदा येईल.”

संयोगितेनं गुंता टोकाकडून सोडवायला घेतला, दुखू नये म्हणून मुळाशी केस मुठीत धरून. उत्कर्षाचे ओठ हलले. “काय म्हनलीस?” तिनं विचारलं. उत्कर्षा म्हणाली, “तुमाला न्हाई.”

पुढं सुयांचा कोर्स पुरा झाला, महिने गेले, आणि दोघांनाही काही झालं नाही. पण ते पुढचं. त्या दुपारी कुणालाच कशाची खात्री नव्हती.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. संयोगितेनं केसांचे तीन पेड केले. उन्हानं ओले केस कोमट लागत होते. हॉर्न पुन्हा वाजला, ह्या वेळी लांब. अंगणातून यशराजनं हाक मारली, “आगं, आई थांबल्याती!”

“त्यांना म्हनावं जावा,” संयोगिता म्हणाली. डोकं वर न काढता, वेणी घालत. “मी हाय हितंच.”